ठमाबाईची दाढ

पेणकडच्या आमच्या खाडीकाठी धवलारीण लग्नाची गाणी, म्हणजे धवले, म्हणू लागल्याशिवाय नवरीला हळद लागत नाही. आमच्या गावची धवलारीण ठमाबाई. मिठागरात राबून हात खरखरीत झालेले, गळा मात्र खणखणीत. ती म्हणायची आणि मागे बसलेल्या बायका तीच ओळ झेलायच्या. त्यांत तिची धाकटी जाऊ हौसाही असे. हौसाला धवले शिकव असं कुणी सुचवलं, की ठमाबाई म्हणे, "शिकवून काय येतंय? कानावर पडलं त येल." खरं सांगायचं तर तिला पुढची जागा कुणाला द्यायची नव्हती.

गावातल्या सरूच्या लग्नाच्या तोंडावर ठमाबाईची खालची दाढ ठणकायला लागली. लवंग दाबून झाली, तुरटीच्या चुळा झाल्या. शेवटी हौसा तिला पेणला दातांच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. दाढ काढताना तिचा हात धरून उभीही राहिली. डॉक्टरांनी बजावलं, "गोळ्या पूर्ण संपवा, मशेरी बंद. सूज आली तर लगेच या."

दुखायचं थांबल्यावर ठमाबाईने गोळ्या सोडल्या आणि उरल्या त्या गावात वाटून टाकल्या. कुणाच्या गुडघ्याला, कुणाच्या कंबरेला. मशेरीची चिमूटही परत तोंडात गेली. जित्याची खोड, दुसरं काय!

हळदीच्या सकाळी तिचा गाल टम्म सुजला होता. अंगात ताप, जबडा बोटभरही उघडेना. नवरा मुलगा रोह्याचा, धाटावला कंपनीत कामाला. त्याची रजा तेवढीच, त्यामुळे हळद पुढे ढकलणं शक्य नव्हतं. ठमाबाई पदराने गाल झाकून मांडवात पुढे येऊन बसली. तोंड उघडायला गेली आणि नुसती कण्हली.

मग मागून हौसाने धवला उचलला. ग्रामदेवाला आवतण, पितरांना आवतण, सरूच्या आजे-पणज्यांची नावं, एक शब्द चुकला नाही. ठमाबाई तिच्याकडे टक लावून बघत होती. हौसा कुठे चुकते याचीच ती वाट बघत होती, असं मला वाटतं. मला हौसाचं कौतुक वाटलं आणि ठमाबाईची कीवही आली.

दुपारी ठमाबाईला तिच्या मुलाने, काळुरामने, पेणला नेलं. डॉक्टरांनी पू काढला, इंजेक्शन दिलं. आणखी उशीर केला असता तर पू गळ्यात उतरून श्वास कोंडला असता, असं म्हणाले. या खेपेला गोळ्या हौसाने आपल्याकडे ठेवल्या, वेळेवर दिल्या, वर पेज पाजली. मांडवातल्या गाण्याचा विषय दोघींनीही काढला नाही.

पुढच्या वैशाखात सरूच्या नणंदेचं लग्न निघालं. रोह्याहून ठमाबाईलाच बोलावणं आलं. गालाची सूज केव्हाच उतरली होती, आवाज पूर्वीसारखा झाला होता. मांडवात बायकांनी तिला पुढे जागा करून दिली. ती बसली, खाकरली आणि गालावर हात दाबून मागे वळली.

"हौशे, माजी दाढ दुखतं गो. तूच म्हन."

कुठली दाढ ते हौसाला पक्कं ठाऊक होतं. ती डॉक्टरांच्या ट्रेमध्ये पडताना तिनेच पाहिली होती. हौसा पुढे सरकून बसली आणि पहिली ओळ म्हणाली.

मागून ठमाबाईने ती झेलली, चांगली तोंड भरून.