गावपळणीतलं ऑफिस

आमचं ऑफिस काजूच्या जुन्या कारखान्याच्या माडीवर होतं. खाली अजूनही बिया भाजत, त्यामुळे एका बड्या परदेशी चिप कंपनीच्या आम्हा मूठभर इंजिनियरांच्या कपड्यांना कायम भाजक्या काजूचा वास यायचा. लॉकडाउनमध्ये आपापल्या गावी परतलेली माणसं इथूनही तेवढंच काम करतात, हे कंपनीतल्या एका वरच्या माणसाच्या लक्षात आलं. तो मूळचा कुणकेश्वरकडचा. त्याने शब्द टाकला आणि ऑफिस उघडलं. मग तो निवृत्त झाला, आणि बंगळुरूच्या मुख्य ऑफिसला आमचा नेमका पत्ताही आठवेनासा झाला.

काम तसं सोपं सांगता येईल. कॉम्प्युटरची चिप कारखान्यात बनायला जाण्याआधी तिच्या आराखड्यातल्या चुका शोधायच्या. म्हणजे दुसऱ्याच्या कामात खोट काढायची आणि वर पगार घ्यायचा. मालवणी माणसाला याचं वेगळं प्रशिक्षण लागत नाही.

माझ्यासाठी मात्र ती माडी नोकरीपेक्षा मोठी होती. बंगळुरूत मी बरीच वर्षं काढली, लग्न केलं, मोडलं, आणि दोन बॅगा घेऊन आईकडे परत आले. वडील गेल्यापासून ती एकटीच होती. घरात पाऊल टाकल्याबरोबर मी पुन्हा ‘चेडू’, म्हणजे घरातली पोर, झाले. उठायला उशीर झाला तरी प्रश्न, लवकर उठले तरी प्रश्न. येणारा प्रत्येक पाहुणा तांब्याभर पाणी पिऊन झालं की तोंड पुसत विचारी, “मगे, फुडे काय ठरयलंस?” अख्ख्या गावात हा प्रश्न न विचारणारी एकच जागा होती, ती म्हणजे आमची माडी. तिथे मी दिवसभर लोकांच्या चुका दाखवी आणि लोक मुकाट ऐकून घेत. असं सुख घरात मिळत नाही.

म्हणून ‘ऑफिसचा आढावा घ्यायला येतोय’ असा बंगळुरूच्या साहेबांचा मेल आला तेव्हा मी आधी बाकीच्या ऑफिसांचं काय झालं ते शोधलं. कंपनीची लहान ऑफिसं एकेक करून बंद होत होती, आणि प्रत्येक ठिकाणी आधी आढावाच झाला होता. ऑफिस गेलं तर मी दिवसभर आईच्या ओसरीवर, पाहुण्यांच्या तावडीत. मला ते ऑफिस काहीही करून वाचवायचं होतं.

आणि नेमकं त्याच सुमारास देवाने गावपळणीचा कौल दिला.

आमच्याकडे दर काही वर्षांनी ग्रामदेवाला कौल लावतात. देवाच्या अंगाला पाकळ्या चिकटवून प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. होकार आला की अख्खा गाव तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर. माणसं, गुरं, कोंबड्या, कुत्री, सगळी. गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही. मोहल्ल्यातली मुसलमान घरंसुद्धा आपली बोकडं घेऊन निघतात. चौथ्या दिवशी परत कौल लावायचा आणि देव हो म्हणाला तरच घरी जायचं. हे सगळं कशासाठी, याची कारणं माणसागणिक वेगळी मिळतात, आणि खरं काय ते बघायला कोणी मागे राहत नाही.

आमचा टीम लीड कुडाळचा. माणूस सरळ, पण देवाला जितका भितो तितकाच मेलला. तो घाबराघुबरा होऊन म्हणाला, “साहेबांका सांगूया, फुडच्या म्हयन्यात येवा.”

“आणि कारण काय देतलास? देवान गाव रिकामो करूक सांगल्यान? उद्याच कुलूप लागतला.”

मग मी मेल लिहायला बसले. ‘आमच्या ऑफिसात या आठवड्यात संपूर्ण स्थलांतराचा सराव होणार आहे. कर्मचाऱ्यांसह परिसरातील सर्व रहिवासी सहभागी होतील. इमारतीचा, विजेचा आणि केबलचा आधार न घेता काम चालू ठेवण्यात येईल. परत येण्याची वेळ स्थानिक प्रमुखांच्या संमतीवर अवलंबून राहील.’ लीडने दोनदा वाचलं आणि विचारलं, “गो, ह्यां खोटा नाय मां?” मी म्हटलं, यातला एक शब्द खोटा काढून दाखव. त्याला सापडला नाही. चुका शोधणं हा त्याचा धंदा होता, तरी सापडला नाही.

साहेबांचं उत्तर तासाभरात आलं. ते खूश झाले होते. असा सराव करा म्हणून ते वर्षानुवर्षं सगळ्या ऑफिसांच्या मागे लागले होते, पण लोक भोंगा वाजला की पार्किंगमध्ये जाऊन चहा पीत आणि परत येत. अख्ख्या वस्तीसकट सराव करणारे आम्हीच पहिले. आता ते मुद्दाम त्याच दिवसांत येणार होते. लीड डोकं धरून खाली बसला तो बराच वेळ उठला नाही.

गाव हलला तो दिवस मात्र मजेचा. खाडीपलीकडे झावळ्यांच्या राहुट्या उभ्या राहिल्या. आईने मसाल्याची बरणी, पाटा-वरवंटा आणि कोंबड्यांचं डालं असा सगळा संसार हलवला. मांजर पिशवीतून दोनदा पळालं. आमच्या ऑफिसची राहुटी आईच्या राहुटीला लागूनच, कारण दुसरीकडे कोणी जागा देईना. जनरेटर भजनी मंडळाकडून मिळाला, या अटीवर की संध्याकाळी तो भजनाच्या लाउडस्पीकरला जाईल. नेटवर्क फक्त खाडीच्या बांधावर यायचं, म्हणून एक फोन बांबूला बांधून तिथे उभा केला आणि त्याच्या जिवावर अकरा लॅपटॉप चालवले. चाचण्या धावायच्या त्या बंगळुरूच्या मोठ्या यंत्रांवर. आम्हाला फक्त निकाल वाचायचे होते, आणि ते म्हशींच्या शेजारी बसूनही वाचता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब तारकर्लीच्या रिसॉर्टमधून गाडीने आले. पन्नाशीचा, बारीक, अगदी मृदू बोलणारा तमिळ माणूस. त्यांना आधी रिकामं ऑफिस बघायचं होतं. वेशीवर गावातले एक म्हातारे मानकरी काठी घेऊन बसले होते. साहेबांनी गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र पुढे केलं.

“इंद्र इलो तरी भुतूर जावक मेळाचा नाय,” मानकरी म्हणाले.

काय म्हणतात, असं साहेबांनी मला विचारलं. मी सांगितलं, “ते म्हणतात, सराव चालू असताना वरिष्ठ अधिकाऱ्यांनाही प्रवेश नाही.” साहेबांनी मानकऱ्यांना चक्क हात जोडले. इतकी कडक शिस्त त्यांना मुख्य ऑफिसातही मिळाली नव्हती, असं ते वाटेत मला दोनदा म्हणाले. मी मान खाली घालून चालत होते, कारण मला हसू आवरत नव्हतं.

दुपारी आईने त्यांना आपल्या राहुटीत बसवून बांगड्याचं तिखलं आणि भात वाढला. ती मालवणीत बोलत होती, ते इंग्रजीत, आणि दोघांचं इतकं छान जमलं की मला मत्सर वाटला. माझं आणि आईचं एकाच भाषेत कधी इतकं जमलेलं नाही. जेवून ते आमच्या राहुटीत आले, चटईवर मांडी घालून बसले आणि संध्याकाळी भजन सुरू होईपर्यंत निकाल तपासत राहिले.

चौथ्या दिवशी सकाळी वेशीबाहेरच्या देवळात परत जाण्याचा कौल लावला, तेव्हाही साहेब आले होते. सगळा गाव श्वास रोखून उभा. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, लोकांनी एका आवाजात “होय म्हाराजा” म्हटलं, आणि पाकळी पडली डावी. नकार. म्हणजे आणखी एक दिवस बाहेर. साहेबांचं गोव्याहून त्याच दुपारचं विमान होतं.

“संमती मिळाली नाही?” साहेबांनी विचारलं.

“नाही. प्रमुखांना अजून खात्री वाटत नाही.”

“मग थांबायचं,” ते म्हणाले, आणि त्यांनी तिथल्या तिथे तिकीट बदललं. ते प्रमुख कोण, हे तोवर त्यांना कळलं होतं की नाही, मला आजही सांगता येत नाही. गुरव बोलत होता तेव्हा त्यांनी चप्पल काढून ठेवली होती, एवढं मी पाहिलं.

त्या वाढलेल्या दिवसात आम्ही नेहमीपेक्षा जास्त काम केलं. जायला दुसरी जागाच नव्हती. आराखड्यातली एक चूक, जी मुख्य ऑफिसातल्या सगळ्यांच्या नजरेतून सुटली होती, ती आमच्यातल्या एकीने बांधावर उभ्याउभ्या पकडली. पाचव्या दिवशी उजवी पाकळी पडली, ढोल वाजले, गाव घरी परतला, आणि साहेब आईच्या पाया पडून गेले. मी खूप खूश होते. ऑफिस वाचलं याबद्दल माझ्या मनात शंकाच नव्हती, आणि वाचवणारी मी, हे तर मी लीडला रोज ऐकवत होते.

महिन्याभराने मेल आला. आमची एवढी स्तुती कंपनीत कोणी कोणाची केली नसेल. इमारतीशिवाय, केबलशिवाय, विजेशिवाय या लोकांनी वेळेआधी काम पुरं केलं. सगळ्यांच्या नोकऱ्या कायम. आणि शेवटी, ज्यांना इमारत लागत नाही हे सिद्ध झालं आहे त्यांच्यासाठी इमारतीचा करार पुढे चालवण्याचं कारण दिसत नाही. यापुढे सर्वांनी घरूनच काम करावं.

लीड हसावं की रडावं अशा चेहऱ्याने माझ्याकडे बघत राहिला. मी रडले. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, आणि तोही माझ्याच हाताने केलेला. माडीवरून खुर्च्या उतरवल्या त्या दिवशी कारखान्यातल्या बायकांनी आम्हाला पिशवीभर काजू दिले, तेव्हा तर माझा बांधच फुटला.

आईने माजघरात खिडकीशी टेबल लावून दिलं. पाहुणे आता थेट टेबलाशी येऊन पाणी पीत. मी हेडफोन लावून बसे, चिडचिड करी, हळू बोल म्हणून तिला हाताने दटावी. कुकरची शिट्टी झाली की कपाळाला आठ्या घाली. आपल्यावर केवढा अन्याय झालाय, यावर माझं मन दिवसभर ठाम असे.

एका सकाळी साहेबांबरोबर मीटिंग चालू होती. आई भाताची पेज ठेवायला आली आणि तिला पडद्यावर साहेब दिसले. त्यांनी ओळखलं, “अम्मा!” म्हणून हात जोडले. आईने शेजारची खुर्ची ओढली आणि माझ्या हेडफोनची वायर सरळ उपटून काढली.

“साहेबांनू, तुमका हात जोडतंय. हिका हापिस परत देवा.”

मी काही बोलले नव्हते, तरी तिला माझं दुःख कळलं होतं, असं मला वाटलं.

“हिच्यासाठी नाय हां,” ती पुढे म्हणाली, “माज्यासाठी. गावाक इतक्या वर्सांनी तीन दिस माणसांपासून सुटका मेळता. माका रोज मेळत होती. ही सकाळी भायर पडली काय घर माजा. आता ही दिसभर हंय बसान, आणि मी माज्याच घरात चवड्यार चलतंय.”

साहेबांनी विचारलं, अम्मा काय म्हणतात? माझ्याकडे त्यांना सांगायला शोभिवंत वाक्यं कायम तयार असत. त्या दिवशी एकही वापरलं नाही. आई जे बोलली ते मी जसंच्या तसं सांगितलं, चवड्यांसकट. साहेब म्हणाले, बघतो, एखादी लहानशी खोली तरी मिळते का, आणि आईला नमस्कार करून त्यांनी मीटिंग संपवली.

आई पेजेची वाटी माझ्यापुढे सरकवून उठली. मी तिला थांबवलं. मी ऑफिसात असायचे तेव्हा ती घरी काय करायची, हे मी इतक्या दिवसांत कधी विचारलंच नव्हतं. ते आता विचारलं.

“काय नाय,” ती म्हणाली. “ताच करूक मेळायचा.”