चार चिलमी, दोन हाका

सुमे, मी निघाले तेव्हा पैठणच्या स्टँडवर गाडी लागली होती. आमचे हे ट्रंक चढवत होते, आणि आपले आबा खिडकीशी येऊन म्हणाले, "बजाजनगर काय लांब नाय, मुक्ते. चार चिलमींची वाट." ते स्वतः पैठणच्या पुढं कधी गेले नव्हते. मी मान हलवली.

आबांनी कधी कशाला आकडा लावला नाही. सकाळ म्हणजे दिवस कासराभर वर. शेजारची वस्ती दोन हाकांवर, मेंढरं चरायची ती डोंगरी पाच हाकांवर. आपल्या लहानपणी दुष्काळ पडला तेव्हा ढग यायचे नि जायचे, तर म्हणायचे, "डोळा मारून गेला बघ." विहिरीत बादली खडखडली की, "घसा खाकरती बया." आपण दोघी खिदळायचो. पुढं चाऱ्यापायी मेंढरंही विकावी लागली.

इथं मी कारखान्यात पॅकिंगला लागले. शिफ्ट, टार्गेट, ओव्हरटाइम. लाइनवरच्या हिंदी बोलणाऱ्या बायकांशी बोलता बोलता माझं 'लई' जाऊन 'बहुत' आलं, ते मला कळलंसुद्धा नाही.

आबा पहिल्यांदा आले तेव्हा सगळ्या खोल्या त्यांना सारख्याच दिसल्या. गल्लीच्या तोंडाशी उभं राहून त्यांनी हाक मारली, "मुक्तेऽऽ!" डोंगरीवर पोचावी अशी. सगळी गल्ली दारात आली, घरमालकीण तोंडाला पदर लावून हसली. मी त्यांना हाताला धरून आत आणलं नि म्हणाले, "आबा, हे काय रान हाय का? असं वरडत जाऊ नका."

"बरं," म्हणाले.

दुसऱ्या खेपेला मी शिफ्ट करून आले तर कोपऱ्यावरचा दुकानदार म्हणाला, "एक म्हातारबाबा दुपारपासून फिरतायत, तुमच्याकडचे तर नाहीत?" आबा एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले होते, मांडीवर शेंगांची पिशवी. आमच्या दारावरून चारदा गेले असतील. आमचे हे घरातच होते, रातपाळीची झोप काढत.

"आबा, एक हाक मारायची ना!"

"तूच नगं म्हणलीस."

रागानं नाही गं, साधं सांगितलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सकाळी ते पहिल्या गाडीनं परत गेले. त्यानंतर आलेच नाहीत. बोलावलं की गुडघे दुखतात म्हणतात.

गेल्या महिन्यात गावी तुमच्याकडं आले तेव्हा मी फाट्यावर उतरले आणि बांधाशी थांबले. हाक मारली. पहिली बांधापाशीच विरली, इतक्या वर्षांत सवय गेलेली. दुसरी नीट गेली. तू नंतर विचारलंस, ताई, तिथं उभं राहून कशाला रडत होतीस? अगं, आबांनी अंगणातून ओ दिली होती, तशीच, खणखणीत. आता मला कोणी विचारलं, तुमचं घर फाट्यापासून किती लांब, तर सांगेन: मी हाक मारावी आणि आबांची ओ यावी, तेवढं.