दादाची एरियल

पानांची टोपली घेऊन रोज सकाळी दादरला येणारे माझ्या माहेरच्या नंदाखाल गावचे बाळूकाका त्या दिवशी टोपलीशिवाय दारात उभे राहिले. आणि मी मूर्ख, त्यांना आत तरी येऊ द्यावं, तर उंबऱ्यावरच विचारलं, "काय हो काका, दादाला ऐकू आलं का माझं गाणं?" आदल्या संध्याकाळी मी मुंबईच्या रेडिओ केंद्रावर गायले होते, डोक्यात दुसरं काही नव्हतंच. काका चपला काढून आत आले. मग म्हणाले, "शकू, तू पयले खाली बस..." दादा नारळावरून पडला होता. जागच्या जागी गेला. सातव्या वर्षापासून नारळावर चढणारा माझा भाऊ नारळावरून पडतो, हे दीड महिना झाला तरी माझ्या डोक्यात शिरत नाही. लोक समजूत घालायला येतात आणि मला त्यांचाच राग येतो.

दादा माझ्याहून नऊ वर्षांनी मोठा. घरची केळीची नि पानवेलीची वाडी तोच बघायचा. पण लढाईच्या दिवसांत दोन वर्षं तो मुंबईत एका रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात होता, आणि तिथून वेड घेऊनच परतला. गावात वीज नव्हती, म्हणून त्यानं खड्याचा रेडिओ केला. एक खनिजाचा खडा, त्यावर टेकलेलं बारीक तारेचं टोक, तारेचं एक वेटोळं आणि कानाला लावायचा हेडफोन. बॅटरीसुद्धा नाही. "मग हे चालतं कशावर?" मी विचारलं. "हवेतून येतं तेवढ्यावर. हे डबडं कायच नाय शकू, सगळी करामत बाहेरच्या एरियलची. तार उंच पायजे, लांब पायजे नि मोकळी पायजे. झावळीला टेकली की खेळ खलास!" वाडीतल्या दोन नारळांमध्ये त्यानं तांब्याची तार बांधली, तिचं टोक खिडकीतून आत घेतलं, आणि रेडिओची दुसरी तार जमिनीशी जोड हवा म्हणून विहिरीच्या पाण्यात सोडली. विहीर बाटली म्हणून आई दोन दिवस त्याच्याशी बोलली नाही. तार झाडाला थेट लागू नये म्हणून मध्ये चिनीमातीच्या गोट्या होत्या. समुद्रावरचा खारा वारा त्यांच्यावर मीठ बसवायचा आणि त्या ओल्या मिठातून आवाज झाडात झिरपून जायचा म्हणे. मग दर रविवारी शेजारची ख्रिस्ती मंडळी चर्चमध्ये मिसाला निघाली की आमचा दादा फडकं घेऊन नारळावर निघायचा. सगळं गाव हसायचं. मीही हसायचे.

मी पहिल्यांदा रेडिओवर गायले तेव्हा त्याला काहीच ऐकू आलं नाही. वारा सुटला, दोन्ही नारळ दोन दिशांना वाकले आणि ताणून बांधलेली तार माझ्या गाण्याच्या जरा आधी तुटली. जवळच्या आगाशीच्या दुकानदाराकडे मोठा रेडिओ होता, तिथे जाऊन ऐकायचं! पण नाही. "माझी बहीन मी दुसऱ्याच्या रेडिओवर का आयकू?" हे कळलं तेव्हा माझा तोल गेला. दिवाळीला माहेरी गेले ती भांडायलाच. म्हटलं, "पुढच्या वेळीही ऐकलं नाहीस तर मी या घरात पाऊल ठेवणार नाही." तो हसला नाही. जेवणही अर्धंच केलं. हे शब्द मी बोलले, माझ्याच तोंडानं... आता ते परत कसे घेऊ?

महिन्याभरानं त्याचं कार्ड आलं. त्यानं तार अधिक उंच नारळावर नेली होती. एक टोक नुसतं न बांधता कप्पीवरून घेऊन त्याला दगड टांगला होता. झाड वाकलं की दगड वर जाणार, सरळ झालं की खाली येणार. 'आता किती वारा येऊ दे, तार तुटायची नाही. तू निवांत गा.' निवांत! मी खरंच निवांत गायले. त्याच वेळी तिकडे एक झावळी मोडून तारेवर पडली होती, आणि वहिनीला हेडफोन लावून बसवून दादा ती काढायला वर चढला होता.

दादाच्या पहिल्या मासिक श्राद्धाच्या दिवशी मी वहिनीसमोर रडत म्हटलं, "माझ्या बोलण्यानं गेला तो." वहिनीनं माझे डोळे पुसले. मग म्हणाली, "नाय शकू. ते वरतून इचारत होते, आलं का, आलं का. आदी नुसती खरखर. त्यांनी झावळी काढली, मग रेडिओवाल्यानं तुझं नाव घेतलं, नि तुझा सूर लागला... इतका साफ, जशी तू पडवीतच बसलीस. मी वरडले, आली वो, शकू आली, लवकर या! ते घाईघाईत उतराला लागले." तिनं पदर तोंडात धरला. "लवकर या कशाला म्हनले मी?"

महिनाभर मी माझ्या दुःखात इतकी बुडाले होते की ही बाई एकटी काय सोसतेय ते मला दिसलंच नाही. मी तिला जवळ घेतलं. तुझी काही चूक नाही, असं मी तिला म्हणत होते आणि ती मला. दोघींनाही ते खरं वाटत नव्हतं. थोड्या वेळानं मी विचारलं, कारण विचारल्यावाचून राहवेना, "मग पुढचं गाणं कसं झालं?"

"पुढचं कुठलं? हेडफोन पाटावर टाकून मी धावले ना."

म्हणजे मी तिकडे पंधरा मिनिटं गात होते. एरियल लागली होती, वारा होता तरी तार शाबूत होती, दादाच्या आवडीचं भजन मी शेवटी मुद्दाम घेतलं होतं. ते सगळं आमच्या घरात अगदी साफ येत होतं, आणि ऐकायला घरात कुणी नव्हतं.