इब्राहिम मास्तरांचा डावा हात

मास्तर गेल्याचं पोस्टकार्ड साताऱ्याला आलं तेव्हा मी शाळेत शिकवून नुकताच घरी पोचलो होतो. त्यांची मुलगी जैबुन हिनं लिहिलं होतं, ‘अब्बा गुरुवारी गेले. तुम्हाला कळवायला त्यांनी सांगून ठेवलं होतं.’ त्याच आठवड्यात सांगलीच्या एका साप्ताहिकात चार ओळी आल्या : ‘नाटक कंपन्यांचे ऑर्गन दुरुस्त करणारे जुने कारागीर निवर्तले.’ कारागीर ते होतेच. पण मी वर्षानुवर्षं त्यांच्या शेजारी तबला घेऊन बसलो आहे. त्या चार ओळींनी माझं डोकं भणभणलं, ते अजून शांत झालेलं नाही.

महायुद्धाच्या आधीची गोष्ट. साताऱ्याच्या मिशनच्या चर्चमधल्या ऑर्गनचा भाता उंदरांनी कुरतडला, म्हणून मास्तरांना सांगलीहून बोलावलं होतं. काम झाल्यावर तिथल्या मडमेनं परीक्षा म्हणून काहीतरी वाजवलं, आणि मास्तर तिथंच खिळले. माझ्याकडे आले ते चेहरा उजळूनच. “गड्या, दोन हातांत दोन निराळी गाणी हुती. पण भांडत न्हवती. एक दमलं की दुसरं बोलायचं.” ते संगीत दोनशे वर्षांपूर्वीच्या एका जर्मन ऑर्गनवादकाचं. मडम म्हणाली, तो गेल्यावर लोक त्याला विसरले. पण पुढं तिकडं जो कोणी मोठा झाला, त्यानं आधी त्याच्या वह्या उतरवून काढल्या. मास्तरांना त्याचं नाव धड उच्चारता येईना. ते त्याला ‘ऑर्गनवाले बुवा’ म्हणत. त्यानंतर कितीतरी रविवार ते सांगलीहून येत राहिले, केवळ मडमेकडून डावा हात शिकायला.

मग सांगलीच्या गणेशोत्सवातली ती बैठक... सुमतीबाई भीमपलास गात होत्या, साथीला मास्तर ऑर्गनवर आणि मी तबल्यावर. त्यांनी श्वास घेतला तेवढ्या जागेत मास्तरांचा डावा हात खालून हळूच वर आला आणि आपली वेगळी ओळ बोलू लागला. बाई वळून हसल्या, आणि पुढची तान त्या ओळीला उत्तर दिल्यासारखी घेतली. सभा ताठ बसून ऐकत होती. तेवढ्यात मंडळाचे चिटणीस उभे राहिले. “मास्तर, ही चर्चची भेसळ इथं नको. साथ करा, नाहीतर उठा.”

“आवं, सा त्योच, रे त्योच. भेसळ कशात हाय?” एवढं बोलून मास्तरांनी ऑर्गनचं झाकण लावलं आणि ते उठले. ऑर्गन विलायतेहून आलेला चालतो, त्यातला विचार आलेला चालत नाही, ही कुठली शुद्धता? पण हे मी तेव्हा बोललो नाही. दुसरा पेटीवाला आला आणि मी त्याच्याबरोबर ठेका धरला.

पुढं मास्तरांना साथीला कोणी बोलावलं नाही. काही वर्षांनी एक बोलपट आला. त्यातल्या गाण्यात अंतऱ्याखालून तीच ओळ वर येत होती, सुरासकट. त्या संगीतकाराला सांगलीत शाल दिली गेली, ‘पूर्व-पश्चिमेचा संगम’ म्हणून. शाल देणारे तेच चिटणीस. मी संतापून मास्तरांकडे गेलो. ते सुराची पितळी पट्टी कानशीनं घासत होते. “त्यानं माझं घेतलं, मी बुवाचं घेतलं. घेतल्याबिगर गाणं म्होरं जातंय व्हय?” मग कानस थांबली. “पर त्या दिवशी तू उठला न्हाईस गड्या... तेवढं लागलं.”

गेल्या महिन्यात सांगलीला शोकसभा झाली. अध्यक्षस्थानी चिटणीस. ‘साधाभोळा कारागीर’ असं ते तीनदा म्हणाले. मी उभा राहिलो आणि सगळं सांगितलं. बैठक, बोलपट, शाल, आणि माझा ठेकाही. “आपण बसा,” ते म्हणाले. मी बसलो नाही. सभा आवरती घेतली गेली. बाहेर आल्यावर मात्र दोघांनी माझा हात दाबला.

तिथून मी मास्तरांच्या घरी गेलो. जैबुननं चहा दिला आणि ऑर्गनवरचं फडकं काढलं. “अब्बांनी मला शिकवलंय काका. पण एकच हात, डावा. उजवा नंतर बघू म्हणायचे.” ती वाजवू लागली. भीमपलासातली तीच खालची ओळ, मध्येमध्ये थांबणारी, कुणाची तरी वाट बघणारी.

“वरचं तुम्ही म्हणा,” ती म्हणाली.

मला गाता येत नाही. तरी मी म्हटलं.