तीन बोटांची फट

माकूला डोळे मिटून मणी ओळखता यायचे. तिची आजी ओदुमासे गावच्या बाजारात मणी विकायची, आणि आजीच्या टोपलीशेजारी बसूनच माकू मोठी झाली. जुना मणी ओठाला लावला की गारगोटीसारखा गुळगुळीत लागतो, नव्याची कड बोचते, हे तिला अक्षरओळखीच्या आधी कळलं होतं. त्यामुळे तिने मणी भाजणाऱ्या तेयेशी लग्न केलं तेव्हा कुणाला नवल वाटलं नाही. सासूबाई कोर्कोर तेवढ्या म्हणाल्या, की बाजारातली पोर घरात आली, आता माझ्या पोराला फुटका मणी खपवायची सोय राहिली नाही.

घर दोन खोल्यांचं, पुढे अंगण आणि अंगणापलीकडे पत्र्याची शेड. तिथे तेये दिवसभर हिरव्या-तपकिरी बाटल्या उखळात कुटायचा, काचेची पूड चाळून मातीच्या साच्यांत भरायचा आणि प्रत्येक खळग्यात कसाव्याच्या पानाचा देठ उभा करायचा. भट्टीत देठ जळून जायचा आणि त्याच्या जागी मण्याला भोक राहायचं. माकू ते मणी धुवायची, ओल्या वाळूत घासायची, ओवायची आणि बुधवारी-शनिवारी अगोमान्याच्या बाजारात नेऊन बसायची.

मग देदे झाली. घरातल्या पहिल्या मुलीचं नाव देदेच ठेवायची तिकडे रीत, त्यामुळे नावाची चर्चा नव्हती. आठव्या दिवशी भल्या पहाटे तिला पहिल्यांदा घराबाहेर आणलं, नाव घेऊन हाक मारली, आणि माकूच्या आईने कापडात गुंडाळून आणलेली माळ तिच्या कमरेला बांधली. ज्वारीच्या दाण्यापेक्षा किंचित मोठे, पांढऱ्यावर निळी रेघ असलेले मणी. माकूच्या आजीचे. आजी जाऊन चार वर्षं झाली होती.

ही माळ काही नुसती हौस नव्हती. बाळ भरलं की माळ रुतायला लागते, मग दोरा बदलून दोन मणी वाढवायचे. बाळ वाळलं की माळ सैल पडते, मग आईने जागं व्हायचं. दवाखान्यातलं वजनाचं पुस्तक महिन्यातून एकदा बोलतं, माळ रोज बोलते. माकू दररोज सकाळी माळेखाली बोट घालून बघायची. एक बोट, तेही जेमतेम. तेवढं झालं की तिचा दिवस सुरू व्हायचा.

पहिले सहा महिने कसे गेले ते तिला धड सांगता आलं नसतं. पाजणं, धुणं, पाठीशी बांधणं, पुन्हा पाजणं. अंघोळ सासूबाई घालायच्या. लेकराला शियाच्या बियांच्या लोण्याने चोळून, हातपाय ताणून, मांडीवर उलटसुलट करून त्या असं न्हाऊ घालायच्या की बघणाऱ्यालाच धाप लागावी. अंघोळीबरोबर बोलणंही चालू असायचं. आपली पाच पोरं, एकाच्याही पोटावर माळ कधी हलली नाही, हलेल कशी, रुतलेली असायची. माकू हे ऐकत कपडे पिळायची आणि मनात म्हणायची, अजून तरी आमचीही हलत नाही.

सातव्या महिन्यात दात येताना देदेचं पोट बिघडलं. चार-पाच दिवस जुलाब, अंगात कसकस, हात लावला की रडणं. त्या महिन्यातली वजनाची फेरीही बुडाली. माळेखाली बोट घालायचं माकूला त्या दिवसांत धाडसच झालं नाही. मग पोट थांबलं, पोर हसायला लागली, आणि बुधवारी माकू तिला तेयेच्या स्वाधीन करून दोन आठवड्यांनी बाजाराला गेली. सासूबाईही त्या दिवशी भावाकडे गेल्या होत्या. मणी बरे खपले, माकू खुशीत परत आली. गुरुवारी सकाळी धीर करून तिने माळेखाली बोट घातलं. एक गेलं. दुसरं गेलं. तिसरंही आरामात गेलं.

तिने झटकन फ्रॉक खाली ओढला, जणू कुणी बघेल.

कुणाला सांगायचं? सासूबाईंना सांगावं तर त्या म्हणणार, दुधात कस नाही. दवाखाना काही लांब नव्हता, कुठल्याही दिवशी जाता आलं असतं. पण बोटांना जे कळलं ते काट्याने चार बायकांपुढे सांगावं, हे तिला सोसणारं नव्हतं. दोन आठवड्यांनी वजनाचा दिवस होताच. तोवर माळ पुन्हा घट्ट करून दाखवायची असं तिने ठरवलं. आंबवलेल्या मक्याच्या पेजेत शेंगदाण्याचा कूट घातला, सुक्या मासळीची पूड घातली, अंडं कालवलं. तासातासाला वाटी घेऊन ती देदेच्या मागे. देदे पहिली वाटी मिटक्या मारत खायची, दुसरी फुर्रकन उडवायची. माकूच्या स्वतःच्या घशाखाली मात्र घास उतरेना. आठवड्याभरात पाठ दुखायला लागली. देदेला बांधून उभं राहिलं की कंबर मोडायची. आपल्याच अंगात त्राण उरलं नाही, अशी तिने समजूत करून घेतली. पाठीवरचं ओझं वाढलंय, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

रोज सकाळी तीन बोटं. अंघोळीच्या वेळी ती सासूबाईंच्या आधीच पाणी घेऊन बसायची, मीच घालते म्हणायची. सासूबाईंनी दोनदा भुवया उंचावल्या आणि तिसऱ्या दिवशी सोडून दिलं.

तेयेचंही काही खरं नव्हतं. काम संपल्यावर तो पूर्वी देदेला खांद्यावर घेऊन रस्त्यापर्यंत फेरी मारायचा. आता शेडमागे वाळूच्या ढिगाशी चाळण घेऊन बसायचा. चाळायचा, निवडायचा, पुन्हा चाळायचा. देदेला हातात दिलं तर घ्यायचा, पण तिच्या फ्रॉकची कड नीट खाली ओढून लगेच परत करायचा. माकूला वाटलं, यालाही कळलंय. बघवत नाही म्हणून बघत नाही.

एका संध्याकाळी ती त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"तेये, खरं सांग. देदे कशी दिसते तुला?"

त्याच्या हातातली चाळण कलंडली.

"कशी म्हणजे? छान दिसते. का गं, तुला काही दिसलं का?"

"मला काय दिसायचंय?"

"मग ठीक. भट्टी बघून येतो जरा," असं म्हणून तो गेला. त्या दिवशी भट्टी पेटवलेलीच नव्हती.

वजनाच्या दिवशी माकू रांगेत सगळ्यांत मागे उभी राहिली. दवाखान्याच्या आवारात कडुनिंबाच्या फांदीला काटा टांगलेला. एकेक बाळ कापडी चड्डीत अडकवून लटकवायचं, ते भोकाड पसरायचं, सिस्टर आकडा वाचायची, पुस्तकात ठिपका पडायचा. सिस्टर एनयोनाम व्होल्टा नदीपलीकडची. बोलायची कमी, पण तिच्या नजरेतून काही सुटत नसे. देदे लटकली आणि रडायचं सोडून बाजूच्या बाळाचा पाय पकडायला धडपडू लागली.

"सात किलो सहाशे," सिस्टर म्हणाली. "मागच्यापेक्षा आठशे ग्रॅम जास्त. आजारी होती म्हणतेस ना? छान भरून काढलंय."

माकू जागची हलली नाही. "सिस्टर, काटा बिघडलाय."

मागे खसखस पिकली. एक बाई म्हणाली, असा बिघडलेला काटा माझ्याही पोराला लावा हो सिस्टर, घरी सासू खूश होईल. सिस्टर हसली नाही. तिने माकूचा चेहरा पाहिला, फाटकाजवळच्या दुकानातून तांदळाची पाच किलोची बंद पिशवी मागवली आणि काट्याला लावली. काटा पाचावर जाऊन थांबला.

"आता बोल. काय झालंय?"

माकूने फ्रॉक वर केला, माळेखाली तीन बोटं घातली आणि तिला रडू फुटलं. दोन आठवड्यांचं साठलेलं सगळं त्या तीन बोटांबरोबर बाहेर आलं. सिस्टर एनयोनामने देदेच्या मांड्या चिमटून पाहिल्या, दंडाला मापाची पट्टी लावली, मग माळ दोन बोटांत धरून विचारलं, ही परत कधी ओवली.

आजारपणाच्या आधी आजीचेच दोन मणी वाढवून ओवली होती, माकू म्हणाली. तेव्हापासून तशीच आहे.

"नीट बघ एकदा. तू मण्यांच्या घरची ना?"

माकूने डोळे पुसले आणि माळेकडे पाहिलं. दोन आठवडे ती फटीकडे बघत होती, मण्यांकडे तिने पाहिलंच नव्हतं. रंग तोच, रेघ तीच. तिने खाली वाकून देदेच्या पोटावर ओठ टेकले. देदेला गुदगुल्या झाल्या. एक मणी गुळगुळीत, दुसरा गुळगुळीत, तिसरा बोचला. पुढे पुन्हा दोन बोचले. मागच्या बाजूला आणखी पाच. आठ मणी नवे होते, वाळूत घासघासून जुने केलेले, आणि असे जमलेले की बाजारात तिने स्वतः ते जुने म्हणून विकले असते. असं काम आख्ख्या ओदुमासेत एकच माणूस करू शकत होता.

तिचं रडणं मध्येच थांबलं. "थांब म्हणावं त्याला," ती म्हणाली. बाजूच्या बायकांना काही कळलं नाही, पण तिच्या चेहऱ्याकडे बघून त्याही हसू लागल्या. सिस्टरने पुस्तकात ठिपका टाकला, आधीच्या ठिपक्यापासून वर जाणारी रेघ ओढली आणि पुढच्या बाळाला हाक मारली.

शेडमध्ये तेये साचे भरत होता. माकूने देदेला त्याच्यापुढे धरलं आणि फ्रॉक वर केला. काही विचारावं लागलं नाही. तेयेने हात पुसले आणि खाली बघत सगळं सांगितलं. बुधवारी देदे मांडीत बसली होती, माळ तिच्या मुठीत आली, दोरा तुटला. मणी वाळूच्या ढिगात. बाकी सापडले, पाच नाही सापडले. आजीचे मणी, तुला काय सांगणार होतो? भट्टीत तशाच काचेचे थोडे होते, तेच ओवले. पोर वाढतेय म्हणून तीन जास्त घातले. ते पाच मिळाले की पुन्हा बदलणार होतो, रोज चाळतोय.

"तीन जास्त घातले," माकू म्हणाली. "अरे, मला वाटलं आपली पोर हातातून चालली."

तेये तिच्याकडे बघतच राहिला. मणी भाजण्यात त्याचा जन्म गेला होता, पण माळ सैल झाली की आईचं काय होतं हे त्याच्या गावीही नव्हतं. मग त्याच्या हळूहळू लक्षात येऊ लागलं: मासळीची पूड, अंडी, चुलीपाशी तशीच राहिलेली माकूची ताटली. देदेला मांडीवर घेऊन त्याने दोरा सोडला, ते तीन मणी काढले, पुन्हा गाठ मारायला घेतली आणि अंदाज बघायला माळेखाली स्वतःचं जाडजूड, भाजलेलं बोट घातलं.

"तुझं नको," माकू म्हणाली. "माझं धर."

सासूबाई दारात उभ्या राहून सगळं ऐकत होत्या. दोघांनाही वाटलं, आता तोफ सुटणार. कोर्कोरबाई आत आल्या, देदेचं पोट चाचपलं, मग सुनेला म्हणाल्या, की सात किलोचं लेकरू पाठीवर घेऊन दोन आठवडे उपाशी हिंडलीस होय गं? माझ्या चौथ्याच्या वेळी मीही माळ अशीच सैल बघितली होती. महिनाभर कुणाला बोलले नाही. तो खरंच वाळला होता, पुढे भरला. हे त्यांनी इतक्या सहज सांगितलं, की माकूला दोनदा त्यांच्याकडे बघावं लागलं.

"आणि तू," त्या लेकाकडे वळल्या. "पाठ कर इकडे."

त्यांनी देदेला तेयेच्या पाठीवर ठेवून कापडाने घट्ट बांधलं, वर गाठ मारली. काच कुटायची नाही, नुसते मणी घासायचे, आणि मी सोडेपर्यंत खाली ठेवायची नाही, असा हुकूम झाला.

माकूने भेंडीच्या कालवणाबरोबर बांकूचा, म्हणजे आंबवलेल्या मक्याच्या उकडीचा, आख्खा गोळा खाल्ला. मग आणखी अर्धा मागून घेतला, माशाचं डोकंही सोडलं नाही. हात धुऊन ती शेडच्या सावलीत चटईवर जरा टेकली. रस्त्याने जाणाऱ्या बायका थांबून तेयेला विचारत होत्या, काय रे, मण्यांबरोबर आता पोरंही विकतोस का. तो खाली मान घालून घासत होता आणि देदे वरून त्याचे केस ओढत होती. त्यातलं काही माकूला ऐकू गेलं नाही. तिला झोप लागली होती.