चर्चच्या दाराच्या फळ्या

काल मंगरूळपीरला एका सुताराच्या दुकानावरून जाताना सागाच्या ताज्या भुशाचा वास आला आणि माझे पाय तिथेच थांबले.

पंचाहत्तर सालच्या आसपासची गोष्ट. आमच्या वस्तीतली नऊ ख्रिस्ती घरं मिळून आपलं चर्च बांधत होती. भिंती मातीच्या; साग आणला होता तो फक्त दारासाठी. बाबा सुतार होते. फळ्यांना रंधा मारून झाला, त्याच आठवड्यात माझी चार वर्षांची बहीण रूथ तापानं गेली. तिला पुरायच्या पेटीसाठी गावात दुसरं लाकूड नव्हतं. वस्तीतले सगळे बाबांना म्हणाले, "याच फळ्या घे. दाराचं पाहू मंग."

बाबांनी रूथचं माप घेतलं. करवत लावणार, तोच माय म्हणाली, "थोडी मोठी ठेवा. वाढती पोर हाय."

झगा शिवायला टाकताना ती नेहमी हेच म्हणायची.

बाबांनी पेन्सिलीची खूण पुसली आणि चार बोटं पुढे नवी ओढली.

त्यानंतर कितीतरी वर्षं चर्चच्या दाराला गोणपाटच होतं. मायचं डोकं फिरलं, असं मला तेव्हा वाटलं होतं. आता नातीच्या फ्रॉकचं माप देताना शिंपी विचारतो, "थोडा मोठा ठेवू का?" आणि माझं बोट त्याच्या टेपवर चार बोटं पुढे सरकतं.