उलटा छापलेला जवान

“हा चेहरा चिकटवलेला आहे का, एवढंच सांगा,” मीनाताई म्हणाल्या आणि तळहाताएवढा एक फोटो त्यांनी काउंटरवर ठेवला.

शहाद्यात माझा फोटो स्टुडिओ आहे, वडिलांपासून चालत आलेला. लोक माझ्याकडे उलटी मागणी घेऊन येतात. “सलीमभाई, आमच्या आजोबांना वर्दीत बसवून द्या.” मी नाही म्हणतो. दुसरं कोणीतरी करून देतं. त्यामुळे वर्दीतला जुना फोटो दिसला की मला आधी संशयच येतो.

फोटोत तंबूपुढे चार जवान उभे होते. मीनाताईंच्या मते त्यातला दुसरा म्हणजे त्यांचे वडील, कळसाडीचे आबा पाटील. आबांना तालुका ओळखायचा तो कापसाचे शास्त्रज्ञ म्हणून. कमी पाण्यात तग धरणारं वाण शोधण्यात त्यांच्या नोकरीची सगळी वर्षं गेली. निवृत्तीनंतर गावातल्या मोटारी दुरुस्त करायचे, भजनात पेटी वाजवायचे, शाळेतल्या मुलांना रेडिओ जोडायला शिकवायचे. पण फौजेत होते, हे कोणीच ऐकलं नव्हतं. शेवटच्या आजारपणात ते मुलीला म्हणाले होते, “तरुणपणी मी फौजेच्या सिग्नलमध्ये होतो. वायरलेस सांभाळायचो.” ते गेल्यावर हा फोटो त्यांच्या दुरुस्तीच्या हत्यारांच्या पेटीत सापडला.

गावच्या शाळेतल्या प्रयोगशाळेला आबांचं नाव द्यायचं ठरलं होतं. पाटीवर लिहायचं होतं ‘शास्त्रज्ञ व माजी सैनिक’. त्याला आबांचे धाकटे भाऊ जगनकाका आडवे आले. तेही सोबत आले होते.

“हाऊ मन्हा भाऊ नही शे,” काका म्हणाले. “भाऊ तरुणपणमा सुरतले मिलमा व्हता. त्याना डावा भुवईवर खूण शे. मन्हीच विट्टी लागनी व्हती. आठे पाहा, उजवीकडे शे.”

“कागद सापडत नाहीत,” मीनाताई म्हणाल्या. “सैनिकांच्या ऑफिसात अर्ज दिलाय. खोटं निघालं तर पाटीवरचं ‘माजी सैनिक’ मीच काढायला लावीन.”

मी फोटो स्कॅन करून स्क्रीनवर मोठा केला. जुन्या फोटोत बारीक दाणे दिसतात, त्याला ग्रेन म्हणतात. चेहरा दुसरीकडून आणून बसवला असेल तर त्याचे दाणे बाकी फोटोशी जुळत नाहीत. इथे जुळत होते. मानेजवळ कड नव्हती, सावलीही सगळ्यांची एकाच बाजूला.

“चिकटवलेला नाही,” मी म्हणालो.

“मंग दुसराच माणूस शे,” काका म्हणाले.

खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटलं. मीनाताईंच्या मोबाईलमध्ये आबांचे फोटो होते. प्रत्येकात खूण डाव्या भुवईवर. फोटो परत घ्यायला ताईंनी हात पुढे केला.

तेवढ्यात माझं लक्ष जवानांच्या हातांकडे गेलं. तिघांनी घड्याळ घातलं होतं आणि तिघांचंही उजव्या मनगटावर. एखादा घालतो तसं. तिघे कसे घालतील?

“ताई, थांबा.”

पूर्वी प्रिंट काढताना निगेटिव्ह चुकून पालथी ठेवली गेली, तर आरशातल्यासारखा फोटो यायचा, डावं उजवीकडे. मी एक बटण दाबून फोटो फिरवला. घड्याळं डाव्या हातांत गेली आणि खूण डाव्या भुवईवर. दुसऱ्या जवानाच्या छातीवरच्या पट्टीवर आधी नुसत्या पुसट रेघा वाटत होत्या, तिथे PAT एवढी अक्षरं लागली.

“पाटील काय एकच शे का?” काका म्हणाले. पण तोवर त्यांनी चष्मा काढून पुसला होता. खुर्ची ओढून ते स्क्रीनजवळ गेले आणि त्या भुवईवर त्यांनी बोट ठेवलं. बराच वेळ उचललं नाही.

“त्यानं मले काब्र सांगं नही?”

“आजीने रडून परत बोलावलं असतं, म्हणून घरी सुरत सांगितलं,” मीनाताई म्हणाल्या. “आजी होती तोवर तेच चालवलं. मग तुम्हाला काय तोंडाने सांगायचं, असं म्हणाले.”

काका उठले. “मी गावभर सुरतच सांगत ऱ्हायनू,” एवढंच म्हणाले आणि बाहेर जाऊन उभे राहिले.

पुढे सैनिकांच्या ऑफिसातून आबांच्या नोकरीला दुजोरा आला. पाटी ठरली तशीच लागली. पडदा काकांनी ओढला. भाषण करायला मात्र ते तयार झाले नाहीत.

संशय घेणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे आणि मी तो सोडलेला नाही. फक्त फोटोतल्या माणसाला खोटं ठरवण्याआधी छापणाऱ्याची चूक शोधतो. ती शोधायला एक बटण पुरतं.